झाकली मूठ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आपल्या मंडळाचा वाढदिवस. अशा दिवशी एखाद्या शिकल्यासवरल्या बाईंचे भाषण व्हायचे, ते सोडून चिटणीसबाईंनी मला उभे केले आहे. माझे शिक्षण मराठी सातवी. भाषण असे मी आजवर केलेले नाही. पापड लाटताना मी पुष्कळ बोलते हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण इथे उभे राहिले की जीभ टाळ्याला चिकटते. तेव्हा चुकलेमाकले तर सांभाळून घ्या.

चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरातून दारू कशी गेली तेवढे सांगा." मी दोन रात्री विचार केला. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशी मांडावी? शेवटी मी ह्यांनाच विचारले, "सांगू का?" हे खिडकीची फळी रंधीत होते. मान वर न करता म्हणाले, "सांग. झाकून काय मिळाले?"

म्हणून आज बोलते आहे.

आपल्यात म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी ती म्हण आठ वर्षे पाळली. पण माझ्या मुठीत सव्वा लाख नव्हते, विंचू होता. मूठ आवळावी तसा तो जास्त डसे, आणि मी आणखी घट्ट आवळी.

आम्ही ख्रिस्ती. आमचा धंदा सुतारकीचा. ह्यांच्या हाताला पहिल्यापासून फार चांगले वळण. सागवानी चौकट अशी बसवायचे की सांध्यात नख जायचे नाही. जामनेरात आणि आसपासच्या खेड्यांत ह्यांनी केलेली दारे अजून उभी आहेत. पुढे काम संपल्यावर मजुरांबरोबर थोडी घेण्याची सवय लागली. मग काम संपण्याआधी, आणि मग काम सुरू करण्याआधी. २०१५ च्या सुमारास अशी पाळी आली की सकाळी पोटात गेल्याशिवाय हातात पटाशी धरवेना. बोटे थरथरायची. पहूरच्या एका गृहस्थांची चौकट दोन इंच आखूड कापली गेली, तेव्हा हे ओट्यावर बसून लहान मुलासारखे रडले. रडून झाल्यावर उठले आणि पुन्हा प्यायला गेले.

शेजारच्या बायका मला म्हणायच्या, "तुमच्या लोकांत चालतेच ना?" मला फार लागायचे. आमच्या मंडळीत प्रभुभोजनालासुद्धा साधा द्राक्षरस असतो. पण मी कुणाला उत्तर देत नसे, कारण उत्तर दिले की घरातले बाहेर आले असते.

आता माझे ऐका. गिऱ्हाईक आले की मी सांगे, "त्यांना ताप आहे." उधारी मागायला माणूस आला की मी पैसे भरी. आईने दिलेली सोन्याची पोत गहाण टाकली आणि माहेरी सांगितले, दुरुस्तीला दिली आहे. आखाजीला माहेरी गेले नाही, कारण गळा मोकळा दिसला असता. आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती, ती आज सांगते. सकाळी ह्यांचे अंग कापू लागले की मला बघवत नसे. मग मी माझ्या दहा वर्षांच्या मुलाच्या हातात पैसे ठेवी आणि त्याला दुकानावर पाठवी. दप्तराच्या पिशवीत बाटली घालून तो आणी. हे मला सांगत नसत. मीच पाठवी, घर शांत राहावे म्हणून.

पुष्कळ वर्षांनी मुलगा म्हणाला, "आई, मी रस्त्याने देवाला म्हणायचो, आज दुकान बंद असू दे."

भगिनींनो, दारू कोण पीत होते हे गावाला ठाऊक होते. ती कोण पुरवीत होते, हे मलासुद्धा कळत नव्हते.

तुम्ही म्हणाल, मग देवाधर्माचे काय झाले? देवाधर्म होता. उपासनेला आम्ही जात होतो. ह्यांचा आवाज चांगला. भजने हेच म्हणत. दर ३१ डिसेंबरला रात्रीच्या उपासनेत हे पवित्र शास्त्रावर हात ठेवून शपथ घेत, "नव्या वर्षात थेंबाला शिवणार नाही." शपथ खरी असे, अश्रूही खरे असत. पण ती संक्रांतीपलीकडे गेली नाही. मग लाजेने पुन्हा पिणे. शपथ मोडली की माणूस देवापासूनही तोंड लपवतो.

२०१७ साली मी माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. 'न सांगता दारू सोडवा' अशी जाहिरात मी वाचली होती. तशा पुड्या आणल्या आणि ह्यांच्या चहात कालवू लागले. तिसऱ्या दिवशी हे बाहेरून पिऊन आले. थोड्या वेळात तोंड लालबुंद, छातीत धडधड, ओकाऱ्या, आणि नाडी लागेना. आम्ही दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, "काही औषध दिले होते का?" मी म्हणाले, "नाही."

त्या क्षणीसुद्धा मी मूठ झाकलीच! नवरा समोर मरणाला टेकला आहे, आणि मला अब्रूची काळजी. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारले, तेव्हा मी पदरातली पुडी काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी नंतर समजावून सांगितले. डायसल्फिराम नावाचे एक औषध आहे. ते पोटात असताना माणूस दारू प्याला, तर अंगात विषासारखा परिणाम होतो. डॉक्टर ते देतात, पण तपासून, आणि रोग्याला सांगून, त्याच्या राजीखुषीने. लपवून दिले तर जीव जाऊ शकतो.

आमचे पाळकसाहेब रात्री दवाखान्यात आले. मला वाटले, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी शांतपणे विचारले, "बाई, तुम्ही आजवर देवाजवळ काय मागत होता?" मी म्हणाले, "ह्यांची दारू सुटू दे, आणि लोकांना कळू नये." ते म्हणाले, "पहिली प्रार्थना ठेवा, दुसरी सोडा. दोन्ही एकदम देवाने कशा ऐकाव्यात?"

मला ते शब्द आजही आठवतात.

पाळकसाहेबांनी आणखी एक सांगितले. "प्रार्थना करू, पण दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवू." मला वाटे, दारू सोडायची तर एका दिवसात बंद करावी. तसे नाही. जो वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, त्याची एकाएकी बंद झाली तर अंग कापते, झोप जाते, फेफऱ्यासारखे झटके येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन भलतेसलते दिसू लागते. त्यातही माणूस दगावतो. म्हणून सुरुवातीचे दिवस डॉक्टरांच्या हाताखालीच काढले पाहिजेत. देवावर विश्वास आहे म्हणून औषध नको, असे म्हणणाऱ्याने पाय मोडल्यावर काय केले असते, याचा विचार करावा.

ह्यांची बहीण वसईला दिलेली आहे. आमच्या नणंदबाईंनी चौकशी केली आणि तिकडच्या एका केंद्रात ह्यांना नेले. तिथे ह्यांना फादर जो परेरा यांची हकीकत कळली. फादर जो हे रोमन कॅथलिक धर्मगुरू. पण त्यांना स्वतःलाच दारूचे व्यसन होते. रोज वेदीसमोर उभा राहणारा माणूस, दुसऱ्यांची पापे ऐकणारा, आणि तोच बाटलीत अडकलेला! ते त्यातून उठले, आणि १९८१ साली त्यांनी मुंबईत व्यसनी माणसांसाठी संस्था काढली. तिचे नाव 'कृपा'. त्यांनी बी. के. एस. अय्यंगार गुरुजींजवळ योग शिकून तोही या कामात आणला. सर्व धर्मांच्या लोकांना तिथे जागा मिळाली. २००९ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

हे मला म्हणाले, "धर्मगुरू माणूस जर 'मी दारुडा आहे' असे उभा राहून सांगतो, तर मी सुतार, मला कसली लाज?" त्या रात्री ह्यांनी पहिल्यांदा निराळी प्रार्थना केली. आजवर म्हणत आले, "प्रभू, मी सोडीन." त्या रात्री म्हणाले, "प्रभू, माझ्याने सुटत नाही. तू धर."

बघा, शब्द दोनच बदलले. पण 'मी सोडीन' यात मूठ झाकलेली आहे. 'माझ्याने सुटत नाही' म्हणताना ती उघडते. आमच्या धर्मात कृपा म्हणतात ती हीच. कमाई करून मिळत नाही. रिकामा हात पुढे करणाऱ्याला मिळते.

तिथे ह्यांना अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या मंडळींचीही ओळख झाली. मद्यपाशातून सुटलेल्या माणसांचा हा मेळा. त्याची सुरुवात ऐकण्यासारखी आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अ‍ॅक्रन नावाच्या गावी, बिल नावाचे एक गृहस्थ कामासाठी आले होते. काही महिन्यांपूर्वीच त्यांची दारू सुटली होती. तिथे व्यवहार फसला, खिसा रिकामा, परके गाव, आणि समोर गुत्त्यातून हसण्याचे आवाज. त्यांना वाटले, आता मी पिणार. पण ते गुत्त्यात गेले नाहीत, टेलिफोनकडे गेले. चर्चच्या यादीतले क्रमांक लावून त्यांनी विचारले, "इथे कुणी दारूने गांजलेला माणूस आहे का? मला त्याच्याशी बोलायचे आहे." अशा रीतीने त्यांची डॉक्टर बॉब यांच्याशी गाठ पडली. दोघे तासन् तास बोलले. १० जून १९३५ हा डॉक्टर बॉब शेवटचे प्याले तो दिवस. तोच त्या मंडळींचा स्थापनादिवस धरतात. आपली चूक कबूल करायची, नुकसान भरून द्यायचे, रोज देवापुढे शांत बसायचे, या गोष्टी त्यांनी ऑक्सफर्ड ग्रूप नावाच्या एका ख्रिस्ती चळवळीतून घेतल्या. मात्र पुढे आपल्या बारा पायऱ्या लिहिताना, ज्याला जसा देव कळेल तसा त्याने मानावा, अशी मोकळीक ठेवली. म्हणून तिथे हिंदू, मुसलमान, बौद्ध, सगळे एका सतरंजीवर बसतात.

आता खरे सांगू? हे सुधारून आले तेव्हा मला आनंद झाला, आणि रागही आला. इतकी वर्षे मी रडले, उपास केले, पाया पडले. त्याने काही झाले नाही. आणि कोण कुठले परके दारुडे, त्यांच्या दोन शब्दांनी झाले? पुढे कळले की त्या बिल यांच्या पत्नीचेही असेच झाले होते. लोइस त्यांचे नाव. नवरा शुद्धीवर आल्यावर रोज उठून सभेला जाऊ लागला, तेव्हा एकदा त्यांनी रागाने त्याच्या अंगावर जोडा फेकला! मग त्यांच्या ध्यानात आले की सांभाळता सांभाळता आपणही आजारी झालो आहोत. १९५१ साली त्यांनी आणखी एका बाईंच्या सोबतीने घरच्या माणसांसाठी वेगळे मंडळ काढले. त्याचे नाव अल-अ‍ॅनॉन. दारुड्याच्या बायकोलाही बरे व्हावे लागते, हे मला तेव्हा उमगले.

प्रभु येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. धाकटा मुलगा वाटणी घेऊन दूर देशी जातो, सगळे उधळतो, डुकरे राखण्याची पाळी येते, आणि मग बापाकडे परत येतो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आले. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. त्या बापाने दूर देशी मनिऑर्डर पाठवली नाही! मुलाचे कर्ज फेडले नाही. 'माझा मुलगा आजारी आहे' असे गावाला सांगितले नाही. वाटेकडे डोळे लावून बसला, आणि दार उघडे ठेवले. माया म्हणजे काय ते त्याला ठाऊक होते. मी मात्र आठ वर्षे मनिऑर्डरी पाठवीत बसले होते.

पण गोष्ट इथे संपली नाही. वसईहून आल्यावर आठ महिने चांगले गेले. २०१८ च्या जूनमध्ये नात्यातल्या एका लग्नात कुणीतरी आग्रह केला, "एकाने काय होते?" आणि हे पिऊन घरी आले. रात्रभर मी भिंतीकडे बघत बसले. सकाळी शेंदुर्णीचे एक गृहस्थ दाराची वर्दी घेऊन आले. त्यांनी हाक मारली. मी ओट्यावर गेले. जिभेवर नेहमीचे वाक्य आले, "त्यांना ताप आहे."

मी ते गिळले. म्हणाले, "काका, ते काल प्याले आहेत. आज त्यांच्याने काम होणार नाही. तुम्ही दुसरा सुतार बघा."

आत हे जागे होते. त्यांनी ऐकले. ते गृहस्थ निघून गेले. मला वाटले, आता भांडण होणार. हे उठले, तोंड धुतले आणि वसईच्या एका सोबत्याला फोन लावला. मला ऐकू आले, "दादा, मी पडलो." पुढे बराच वेळ काही बोलले नाहीत, नुसते ऐकत होते. मग माझ्याकडे येऊन म्हणाले, "आज पहिल्यांदा तू माझी बाजू घेतलीस."

त्या दिवसापासून ह्यांनी दारू घेतलेली नाही. पण हे शपथ घेत नाहीत. वर्षेही मोजत नाहीत. सकाळी हातात रंधा घेण्यापूर्वी एवढेच म्हणतात, "प्रभू, आजचा दिवस." रात्री म्हणतात, "उपकार झाले." दर शनिवारी रात्री आमच्या ओट्यावर पाच-सात माणसे बसतात. आपापली हकीकत सांगतात. एक रिक्षावाले आहेत, एक शिक्षक आहेत, एक शेतकरी आहेत. आमचे एकच घर ख्रिस्ती; बाकीचे कुणी पांडुरंगाचे, कुणी अल्लाचे नाव घेतात. मी चहा करते. नावे बाहेर सांगायची नाहीत, हा तिथला नियम आहे. म्हणून मीही सांगत नाही. आणि शेंदुर्णीचे ते काका पुढच्या वर्षी परत आले. म्हणाले, "ज्या घरात खरे बोलतात, तिथे दार करायला टाकावे." ह्यांनी त्यांना दार करून दिले.

मी कुणाला आपला धर्म सोडा म्हणायला उभी नाही. मला ज्याने हात दिला त्याचे नाव मी घेतले नाही, तर तो कृतघ्नपणा होईल, एवढेच.

आता मंडळाविषयी दोन शब्द. आपल्या महाराष्ट्रात स्त्रियांनी मागणी करून, मतदानाने 'आडवी बाटली' करून गावोगावची दारूची दुकाने बंद केलेली आहेत. हे काम जुने आहे. १८७३ सालच्या डिसेंबरात त्याच ओहायो राज्यात हिल्सबरो गावच्या बायका गुत्त्यांत जाऊन गुडघे टेकून प्रार्थना करू लागल्या. त्यातून ख्रिस्ती स्त्रियांची मोठी मद्यपाननिषेध संस्था उभी राहिली. आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या तेव्हा त्यांनी हे काम पाहिले, आणि १८८९ साली निघालेल्या आपल्या मराठी प्रवासवृत्तात त्याची माहिती दिली. दुकान बंद करणे जरूर करावे. पण दुकान बंद झाले तरी दुसऱ्या गावची वाट उघडी असते. घरातली मूठ उघडली नाही, तर बाहेरची बाटली आडवी करून पुरे पडत नाही.

म्हणून माझ्या चार विनंत्या आहेत. लपवून औषध कधीही देऊ नका. जुने व्यसन डॉक्टरांवाचून एकाएकी तोडू नका. मुलांच्या हाती कधीही बाटली आणवू नका. आणि कुणा बहिणीला घरात बोलता येत नसेल, तर १४४४६ या सरकारी क्रमांकावर फोन करावा. व्यसनमुक्तीची माहिती तिथे फुकट मिळते. तेही जमत नसेल, तर माझ्या घरी या. दार ह्यांनीच केलेले आहे, ओळखू येईल. मी चहा ठेवीन, आणि तुमचे ऐकून घेईन. तुम्ही सांगितलेले माझ्याजवळ राहील.